घरच्या घरी मोटरसायकलची देखभाल: नागपूरकर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

गेली काही वर्षं रविवारी सकाळी माझ्या घरासमोर दोन-तीन गाड्या उभ्या असतात. कुणाला चेन दाखवायची असते, कुणी ऑइल बदलताना अडलेलं असतं. बाकीचे फोनवर फोटो पाठवतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. घरी काम करताना गाडी बिघडते ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी: हाताचा जोर जास्त लागतो, किंवा खोलण्याआधी नीट पाहिलेलं नसतं. खालची जवळजवळ सगळी उत्तरं याच दोन गोष्टींशी येऊन मिळतात.

१. मला यातलं काहीच येत नाही. सुरुवात कुठून करू?

गाडीबरोबर मिळालेल्या मॅन्युअलपासून. डिकीत किंवा कपाटात ते पडलेलंच असतं. ऑइल किती, हवा किती, चेन किती सैल, हे सगळं त्यात असतं आणि ते तुमच्याच गाडीचं असतं. शेजाऱ्याच्या गाडीचे आकडे तुमच्या गाडीला लावू नका.

हत्यारांत रिंग पाने, बॉक्स पाने, ॲलन कीचा सेट, दोन चांगले पेचकस आणि हवा मोजायचं मीटर एवढं पुरे. स्लाइड पाना आणि पक्कड मात्र नटबोल्टपासून लांब ठेवा. स्लाइड पान्याचा जबडा किंचित हलतो आणि बोल्टचे कोपरे गोल करतो. एकदा डोकं गोल झालं की तो बोल्ट काढायला छिन्नी-हातोडा लागतो. पेचकसाचंही तसंच आहे. स्क्रूच्या खाचेत पक्का बसेल तोच घ्या आणि फिरवताना आधी आत दाबा, मग वळवा.

पहिल्या महिन्यात फक्त हवा तपासणं, चेन साफ करणं आणि ऑइलची पातळी पाहणं एवढंच करा.

२. घरी काम केलं तर वॉरंटी जाते का?

हवा, चेन, धुणं, केबलला तेल यांनी जात नाही. पण ठरलेली सर्व्हिस चुकवली आणि नंतर इंजिनाचं काम निघालं, तर कंपनी हात वर करू शकते. वॉरंटी असेपर्यंत ऑइल बदलणं आणि त्यापुढची कामं सर्व्हिस सेंटरलाच करून घ्या आणि प्रत्येक बिल जपून ठेवा.

३. बोल्ट किती कसायचा? सैल राहील अशी भीती वाटते.

सगळ्यात जास्त नुकसान या भीतीने होतं, म्हणून जरा लांबून सांगतो.

माझ्या पहिल्या गाडीचं ऑइल मी अंगणात बदललं. जुनं ऑइल घमेल्यात काढलं, ड्रेन बोल्ट (इंजिनाखालचा, ऑइल काढायचा) परत लावला, नीट बसला. तरी वाटलं, गळायला नको, अजून पाव फेरा देऊ. त्या पाव फेऱ्यात पाना एकदम हलका झाला. लोण्यात फिरवल्यासारखा. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकाकती बारीक तार गुंडाळून आली होती. ते इंजिनाचे आटे होते. बोल्ट लोखंडाचा, इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं. दोघांच्या भांडणात ॲल्युमिनियमच हरतं. गाडी टेम्पोत घालून लेथवाल्याकडे नेली. त्याने भोक मोठं करून आत स्टीलचे नवे आटे बसवून दिले.

म्हणून आता असं करतो: बोल्ट आधी फक्त बोटांनी फिरवायचा. तीन-चार फेरे बोटांनी सहज गेला म्हणजे आटे सरळ बसले. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागलाय. पाना न लावता काढायचा आणि पुन्हा सुरू करायचा. पूर्ण टेकल्यावर छोट्या पान्याने, मनगटाच्या जोराने कसायचा, खांद्याच्या नाही. पान्यात पाइप अडकवून लांबी वाढवायची नाही. गळती वायसर (बोल्टखालची चकती) थांबवतो, जोर नाही. ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा घ्या, अगदी थोड्या पैशांत मिळतो. जमलं तर टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) घ्या आणि मॅन्युअलमधला आकडा लावा.

स्पार्क प्लगलाही हेच लागू आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा. मग वायसरवाला नवा प्लग असेल तर साधारण अर्धा फेरा आणि तोच जुना परत लावत असाल तर पाव फेऱ्याहून कमी.

४. ऑइलचा एक लिटरचा डबा पूर्ण ओतला. चालेल का?

गाडीवर अवलंबून आहे, आणि बऱ्याच १०० सीसी गाड्यांना पूर्ण डबा लागत नाही. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात: इंजिन पूर्ण खोलल्यावर किती, आणि नुसतं बदलताना किती. आपल्याला दुसरा पाहायचा असतो. लोक पहिला वाचतात आणि जास्त भरतात.

जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही. क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) त्या ऑइलमध्ये घुसळत राहतो, ऑइलला फेस येतो, ब्रीदर पाइपातून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ते एअर फिल्टरपर्यंत जातं आणि गाडी जड चालते. डब्यात थोडं मागे ठेवून ओता. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, पुन्हा दोन-तीन मिनिटं थांबा, मग पातळी पाहा. गाडी सरळ उभी हवी. साइड स्टँडवर तिरकी असताना पाहिलेली पातळी खोटी असते. डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या काडीच्या) आट्यांनाही लोक फसतात: बऱ्याच गाड्यांत ती पुसून नुसती टेकवायची असते, फिरवून आत घालायची नसते. तुमच्या गाडीचं मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

५. घरी कारचं चांगलं सिंथेटिक ऑइल उरलंय. ते टाकू का?

नाही. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. कारला ती चालतात, कारण तिचा क्लच त्या ऑइलमध्ये नसतो. मोटरसायकलीत त्यांनी क्लच प्लेट घसरू लागतात. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही. डब्यावर जासो (JASO, जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहा. जासो एमबी असेल तर ते स्कूटरचं आहे, गिअरच्या गाडीला नको.

६. नागपूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, जाड टाका असं सांगतात. खरं का?

अर्धवट खरं. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ च्या वर जातो हे आपण सगळे भोगतो. पण इंजिनाच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि कंपनीने ऑइलचा ग्रेड (जाडीचा नंबर) त्यासाठीच ठरवलेला असतो. १० डब्ल्यू ३० सांगितलेल्या इंजिनात फार जाड ऑइल घातलं तर सकाळी सुरू करताना ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, मायलेजही पडतं. काही मॅन्युअलमध्ये तापमानानुसार ग्रेडचा तक्ता दिलेला असतो. त्यात दुसरा ग्रेड असेल तर खुशाल वापरा. उन्हाळ्यात खरी गरज असते ती पातळी दर पंधरवड्याला पाहण्याची, कारण तापलेलं जुनं इंजिन ऑइल खातं.

७. चेन आवाज करते म्हणून घट्ट केली. आता गाडी जड वाटते.

घट्ट चेन सैल चेनपेक्षा वाईट. गाडीवर दोन माणसं बसली की मागचा शॉकअप दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. त्या ताणाला जागाच नसेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) आणि चेन तिन्ही झिजतात.

मोजायची रीत सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये. दोन स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये, चेनची खालची बाजू बोटाने वर-खाली करायची. रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांत ती २० ते ३० मिमी हलली पाहिजे. नेमका आकडा, आणि मोजताना गाडी कोणत्या स्टँडवर हवी, हे मॅन्युअलमध्ये असतं. चेनला बंद कव्हर असेल तर खाली रबरी बूच असतं, ते काढून आतून पाहता येतं.

आता खरी मेख. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक हळूहळू हाताने फिरवा आणि चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी ३५ मिमी, दुसरीकडे १५, असं निघू शकतं. सैल जागा पाहून चेन कसली तर ताठ जागा तारेसारखी ताणते. मोजमाप नेहमी सगळ्यात ताठ जागेवर ठरवायचं. फरक फारच असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायची वेळ झाली.

कसण्याआधी ॲक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) नट सैल केला का? तो न करताच ॲडजस्टर फिरवणारे पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा आणि खुणा जुळवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. ॲक्सल नट परत कसल्यावर चेन पुन्हा मोजा, कारण कसताना ती हलते. चेनलॉक (चेनची टोकं जोडणारी कडी) काढला असेल तर त्याच्या क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागे. यानंतर प्रश्न ९ वाचल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

८. चेन पेट्रोलने धुतली तर?

पेट्रोल नको. ओ-रिंगवाल्या (कड्यांत रबरी रिंगा असलेल्या) चेनचे रबर त्याने खराब होतात आणि आगीचा धोका वेगळा. रॉकेल चांगलं, पण आता सहज मिळत नाही. चेन क्लीनर घ्या. साधी, ओ-रिंग नसलेली चेन असेल तर थोड्या डिझेलने ब्रश मारून लगेच कोरडी पुसा. मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब आतल्या बाजूने लावा, तेही गाडी थोडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना. थोडा वेळ थांबून वरचं तेल पुसून काढा. ओली चेन सिमेंट रोडची बारीक पांढरी धूळ ओढते आणि तेल-धुळीचा तो लगदा पॉलिश पेपरसारखा घासतो.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावू नका. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्याबरोबर बोटं जातात. गाडी बंद, चावी खिशात, चाक हाताने फिरवायचं.

९. चेन ॲडजस्ट केल्यापासून मागचं चाक गरम होतं. का?

चेन कसताना चाक मागे सरकतं. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ब्रेक किंचित लागलेलाच राहतो. चार किलोमीटरनंतर ड्रमला हात लावता येत नाही. रॉडच्या टोकाचा नट सैल करून पेडलला मॅन्युअलमध्ये दिलेला फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) द्या, साधारण २० ते ३० मिमी. चाक उचलून फिरवून पाहा, मोकळं फिरलं पाहिजे. ब्रेक लाइट वेळेवर लागतो का, तेही बघा.

चाक पूर्ण काढलं असेल तर ब्रेक प्लेट धरून ठेवणारी पट्टी आणि तिचा नट परत लागला ना, हे दोनदा पाहा. तो राहिला तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं.

१०. पुढचे डिस्क पॅड घरी बदलले. पहिल्यांदा ब्रेक दाबला तर लिव्हर थेट हँडलला टेकला!

नवे पॅड बसवायला ब्रेकचा पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा) मागे ढकलावा लागतो. तो पॅडपर्यंत परत येईपर्यंत ब्रेक नसतोच. गाडी उभी असताना, निघण्याआधी, लिव्हर कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. गल्लीच्या वळणावर पहिला दाब देणारे मी पाहिले आहेत. लिव्हर बरेच वेळा दाबूनही स्पंजसारखा राहिला तर लाइनमध्ये हवा आहे. ती काढणं सवयीचं काम आहे, मेकॅनिककडे द्या.

पॅड झिजतात तशी ब्रेक फ्लुइडची पातळी आपोआप खाली येते. ती पाहून मध्येच वरपर्यंत भरली आणि नंतर नवे पॅड टाकले, तर पिस्टन ढकलताना फ्लुइड बाहेर येऊन टाकीचा रंग उडवतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलं असेल तेच घ्या, सीलबंद डब्यातलं. उघडा डबा हवेतली वाफ शोषतो, आपल्या पावसाळ्यात तर फारच. आणि डिस्कला तेल लावू नका, आवाज येत असला तरी.

११. एअर फिल्टर पाण्याने धुतला. आता पिकअप नाही.

फिल्टर कागदाचा असेल तर तो धुवायचा नसतोच, नवा टाका. काही कागदी फिल्टर मुद्दाम तेलकट, चिकट दिलेले असतात. त्यांना कंप्रेसरची हवाही मारायची नाही. फोमचा असेल तर तो धुता येतो, नीट वाळवून तेलाचा हात लावून बसवायचा. कामठी रोड किंवा हिंगण्याच्या बाजूला रोज ट्रकमागे जाणं असेल तर मॅन्युअलच्या मुदतीआधीच बदला. फिल्टर काढून गाडी चालवू नका. ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

१२. मे महिन्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवतो. बरोबर ना?

उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते आणि त्या वाकण्यानेच तो तापतो. कंपनीने सांगितलेली हवा ठेवा, मागे कुणी बसणार असेल तर त्यासाठी दिलेला वेगळा आकडा. मोजायचं मात्र सकाळी, गाडी चालवण्याआधी. दुपारी वर्धा रोडने येऊन पंपावर मोजली तर तापलेल्या टायरमुळे आकडा जास्त दिसतो आणि तुम्ही चांगली हवा सोडून देता.

१३. उन्हाळ्यात टाकी फुल्ल केली तर स्फोट होतो, असा मेसेज आलाय.

दर एप्रिलमध्ये येतो. पेट्रोल आपोआप पेटायला दोनशे अंशांहून जास्त तापमान लागतं, उन्हाने ते होत नाही. पण झाकणापर्यंत काठोकाठ भरणं चूकच. १० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर साधारण २०० मिलीने फुगतं. त्याला जागा हवी. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत टाकीतली वाफ कोळशाच्या डबीत जाते. काठोकाठ भरल्यावर तिथे पेट्रोलच शिरतं आणि डबी निकामी होते.

१४. बॅटरीत एसीचं पाणी टाकतो. ते डिस्टिल्डच असतं ना?

एसीचं पाणी कॉइलवरून, धुळीवरून आणि घाणेरड्या ट्रेमधून येतं. आरओचंही नको, त्यात क्षार राहतात. डिस्टिल्ड वॉटरची बाटली स्वस्त आहे. दोन रेषांच्या मध्ये पातळी ठेवा. फक्त पाणी उडतं, म्हणून ॲसिड कधीच वरून टाकायचं नाही. सीलबंद बॅटरी उघडूच नका.

काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पाना चासीला लागला तर ठिणगी उडते. फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा फ्यूज किंवा चांदी (चकाकता कागद) लावू नका, नाहीतर फ्यूजऐवजी वायर जळते.

१५. टॅपेटचा आवाज नको म्हणून थोडे टाईट केले. आता थंडीत गाडी सुरू होत नाही.

टॅपेटचा (वॉल्ववरच्या गॅपच्या स्क्रूचा) हलका टिकटिक आवाज असलाच पाहिजे. वॉल्व तापला की लांब होतो, ती जागा त्या गॅपमध्ये असते. गॅप शून्य केला तर वॉल्व नीट बंद होत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट वॉल्व जळू लागतो.

काम इंजिन थंड असतानाच, रात्रभर गाडी उभी असली तर उत्तम. आणि इथे हमखास होणारी चूक: मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) ‘टी’ची खूण एका पूर्ण चक्रात दोनदा जुळते. एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्ट संपताना. आपल्याला पहिली हवी. दोन्ही रॉकर (वॉल्व दाबणारे हात) हाताने किंचित हलत असतील तर जागा बरोबर. एक जरी ताठ असेल तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर हे काम हातात घेऊ नका.

१६. बीएस-६ गाडी आहे. जुन्या गाडीसारखा स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवता येईल का?

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ आल्या आणि बहुतेकांचा कार्ब्युरेटर गेला. हवा-पेट्रोलचं माप आता सेन्सर ठरवतात, म्हणून जे दिसेल ते फिरवू नका. चावी चालू असताना कनेक्टर ओढू नका. पेट्रोल पाइपात पंपाचा दाब असतो. तो तसाच काढला तर गरम इंजिनावर फवारा उडतो. चेक इंजिनचा दिवा चावी लावल्यावर पेटणं ठीक. इंजिन सुरू झाल्यावरही राहिला तर सर्व्हिस सेंटर. एक गोष्ट आधी तपासा: बॅटरी (प्रश्न १४). ती मेली तर काही गाड्यांत पंपच चालत नाही, मग किक मारूनही उपयोग होत नाही.

१७. वॉशिंगला डिझेल मारतात. चांगलं असतं का?

चकाकी येते, पण रबरी पाइप, सील फुगतात आणि ब्रेकवर उडालं तर ब्रेक लागत नाही. शाम्पू पुरे. इंजिन गार होऊ द्या, जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि स्विचवर मारू नका, निघाल्यावर दोन-तीनदा हलके ब्रेक दाबून ते वाळवा.

१८. पुराच्या पाण्यात गाडी बुडली होती. सुरू करून पाहू का?

अजिबात नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या कितीतरी गाड्या सीटपर्यंत पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर माणसं पहिलं काम काय करतात? सेल्फ मारतात. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. जी गाडी ऑइल बदलून वाचली असती तिचं इंजिन खोलावं लागतं.

आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. ऑइल पाहा. दुधाळ चहासारखं असेल तर पाणी शिरलंय. एअर फिल्टरचा डबा उघडा, आत चिखल असेल तर गाडी मेकॅनिककडे ढकलतच न्या. फक्त चाकं बुडाली असतील तर ब्रेक खोलून साफ करा, चेन प्रश्न ८ प्रमाणे. विमा असेल तर काही खोलण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

१९. काढलेलं ऑइल कुठे टाकू?

नालीत नाही. नाली शेवटी नाग नदीलाच मिळते. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजला द्या, ते जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांना देतात.

२०. सगळं परत जोडलं आणि एक वायसर उरला. गाडी नीट चालतेय. जाऊ द्यायचं का?

जाऊ देऊ नका, गाडी बाजूला लावा. उरलेला वायसर साधा, पातळ असेल तर तो बहुधा कुठल्या तरी कव्हरचा. पण जाड, नळीसारखा बुश असेल तर तो चाकाचा आहे. त्याच्याशिवाय ॲक्सल कसला तर बेअरिंगवर आडवा ताण येतो, चाक एका बाजूला सरकतं आणि चेन तिरकी पळते. हे पहिल्या दिवशी कळत नाही. उरलेला तुकडा हातात धरून त्याच्यावरचा डाग पाहा: ग्रीस लागलंय की ऑइल, धूळ कोणत्या बाजूला बसलीय, घासल्याची चकाकी कुठे आहे. ग्रीसचा असेल तर चाकाकडे, ऑइलचा असेल तर इंजिनाकडे. मग ज्या क्रमाने जोडलं त्याच्या उलट क्रमाने खोलत या. पुढच्या वेळी खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलने फोटो घ्या आणि नटबोल्ट निघाले तसे पुठ्ठ्यावर टोचून ठेवा, शेजारी पेनने जागा लिहून.